दादाची सिगारेट कायमची सुटावी म्हणून मदत हवी आहे

मंडळी, दादाने गणपतीपासून सिगारेट सोडलीय. कामाला सातपूर एमआयडीसीत. शिफ्ट सुटली की गेटसमोरच्या टपरीवर कटिंग आणि 'एक मार ना, काय होतंय' म्हणणारे मित्र. खरी परीक्षा तिथेच. घरी आई उठसूट त्याचा शर्ट हुंगते, मग तो आणखीच भडकतो. (वहिनी काही न बोलता खिशात लवंग-बडीशेप टाकते, ते मात्र चालतं.) सिगारेटची तलफ कमी करणारी २ मिग्रॅची निकोटीन गम आणलीय, पण पठ्ठ्या ती साध्या च्युइंगगमसारखी भराभर चावतो आणि वर चहा! १८००-११-२३५६ या मोफत सरकारी क्विटलाइनवर (तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या फोनसेवेवर) बोलायला तयार झालाय. नाशिकमध्ये प्रत्यक्ष समुपदेशनाचा कुणाला अनुभव आहे का? आणि टपरीवरच्या मित्रांना आपल्या बाजूला कसं वळवायचं, त्याची चेष्टा न होता?