अनुभव धागा: भर पंगतीत खून!

मर्डर मिस्टरी डिनरमध्ये नटमंडळी पाहुण्यांतच मिसळून बसतात. जेवण चालू असताना कुणाचा तरी 'खून' होतो आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारून, पुरावे चाळून खुनी शोधायचा. न्यू जर्सीच्या आमच्या मंडळात गेल्या वर्षी केला, यंदा पुन्हा करायचाय. तुम्ही केला असेल, त्यात काम केलं असेल किंवा नुसते जेवायला गेला असाल, तरी लिहा. सुरुवात मी करतो.

कथानक वाड्यातलं: मालकांचं सहस्रचंद्रदर्शन, जमलेला गोतावळा आणि एक मृत्युपत्र. पाहुणे ६०, नट ५, सगळे इथलेच हौशी. बासुंदी वाढायला आली आणि 'मालक' खुर्चीवरून कोसळले. काम इतकं खरं झालं, की शेजारच्या टेबलावरच्या डॉक्टर मावशी हातातली वाटी टाकून धावल्या, गुडघे टेकून नाडी बघायला लागल्या आणि "९११ लावा!" म्हणून ओरडल्या. पडलेल्या नटाने हळूच "मावशी, नाटक आहे" म्हटलं, तेव्हा त्यांचे हात थरथरत होते. मला फार वाईट वाटलं. आता जेवणाआधीच सांगून ठेवणार: नाटकातला माणूस पडला की सूत्रधार घंटा वाजवेल. घंटा वाजली नाही, तर खरंच काहीतरी झालंय.

रानवारा, पुणे

मी नटांच्या बाजूने लिहिते. कॉलेजात एकांकिका केल्या, तिथे वाक्य न् वाक्य बसवलेलं. इथे संहिता नसतेच. हातात एक कार्ड: तुला काय माहीत आहे, काय लपवायचंय, कोणाशी वैर आहे. पहिल्या प्रयोगात मी धाकटी सून होते. एका टेबलावरच्या आजींनी "माहेर कुठलं गं?" विचारलं, मी सांगली म्हणाले. तासाभराने दुसऱ्या टेबलावर तोंडून सातारा गेलं. दोन्ही टेबलांनी एकमेकांना विचारलं आणि खुनाचा आळ थेट माझ्यावर! ती माणसं बरोबरच विचार करत होती, चूक माझी होती. तेव्हापासून आमचा नियम: खोटं फक्त खुनी बोलेल. बाकीचे टाळतील, चिडतील, विषय बदलतील, पण खोटं बोलणार नाहीत. आणि तालमीत प्रत्येकाला मधे बसवून बाकीच्यांनी तासभर उलटतपासणी घ्यायची. माहेर, शिक्षण, आवडती भाजी, सगळं.

कैरीचं पन्हं, नाशिक

सोसायटीत केला होता. स्वयंपाकाकडे मी होते, तेवढंच सांगते. बुफे ठेवू नका. भांडणाचा मुख्य प्रवेश चालू होता आणि निम्मी माणसं ताटं घेऊन रांगेत. वाढपी ठेवा, आणि कुठल्या पदार्थानंतर कुठला प्रवेश ते वाढप्यांना कागदावर लिहून द्या. पापड-कुरडया खुनानंतरच. कुरकुरण्याच्या आवाजात कुजबूज ऐकूच येत नाही. पुराव्याच्या चिठ्ठ्या प्रत्येक टेबलाला वेगळ्या आणि लॅमिनेट केलेल्या द्या, आमटी सांडतेच.

वाटसरू, बॉस्टन

इथल्या चार्ल्स प्लेहाउसमध्ये १९८० साली 'शिअर मॅडनेस' सुरू झालं आणि कित्येक वर्षं चाललं. मूळ पॉल पोर्टनर यांच्या जर्मन नाटकावरचं. खून केशकर्तनालयाच्या वरच्या मजल्यावर होतो, प्रेक्षक संशयितांना प्रश्न विचारतात आणि शेवटी मत देऊन खुनी ठरवतात. म्हणजे शेवट रोज वेगळा होऊ शकतो. ते बघूनच आम्ही घरी २० जणांचं केलं. मतदानाचा मोह झाला होता, पण मी अडून बसलो. माणसं दोन तास चिठ्ठ्या जुळवतात, कोण कधी उठलं याच्या नोंदी ठेवतात. मग उत्तर आधीपासून एकच हवं, नाहीतर त्या मेहनतीचं काय? नाट्यगृहात मतदान शोभतं. जेवणाच्या टेबलावर पक्का खुनी बरा, असं माझं ठाम मत आहे.

शेवंती, ठाणे

आई गेल्यापासून बाबा कुठल्याच कार्यक्रमाला येत नव्हते. बँकेत आयुष्य गेलं, वय ८२, ऐकू कमी येतं. त्यांना अशा डिनरला नेण्याआधी नाटकमंडळींना मी फोन करून दोन गोष्टी सांगितल्या: आजारपणाने मरण दाखवू नका, आणि बाबांच्या टेबलावर जरा मोठ्याने बोला. त्यांनी दोन्ही मनापासून पाळलं, एकजण तर दरवेळी बाबांच्या उजव्या कानाशी येऊन बोलत होता.

बाबा बराच वेळ गप्प होते. मृत्युपत्राची चिठ्ठी हातात आली तशी चष्मा कपाळावर सरकवून, कागद डोळ्यांजवळ धरून त्यांनी सही पाहिली. मग मालकांच्या सहीचं शुभेच्छापत्र मागवलं, दोन्ही शेजारी ठेवली. "यातला 'र' वेगळा आहे. ही सही मालकांची नाही." सूत्रधाराने तिथल्या तिथे त्यांना पुढे बोलावलं आणि बाबांनी सगळ्या हॉलला तो 'र' कागद फिरवून दाखवला.

घरी येताना गाडीत म्हणाले, "तुझ्या आईला सहीच्या आधी 'र' दिसला असता."