पुण्याहून दर्यापूरला राहायला यायचंय: घर, पाणी, उन्हाळा

वैशाली_प
नमस्कार मंडळी. नवरा, मी आणि सत्तरीतल्या सासूबाई असे तिघं कायमचे दर्यापूरला (जि. अमरावती) येतोय. एक घर भाड्याचं, एक विकाऊ पाहून ठेवलंय. दोन्हीला बोअर आहे. थेट विकत घ्यावं का? पाहताना काय तपासावं? आणि माणसं जोडायची कशी?

पूर्णाकाठ
ताई, आधी भाड्यानंच राहा. एक उन्हाळा, एक पावसाळा काढा, मग ठरवा.

बोअरच्या भरवशावर तर अजिबात राहू नका. दर्यापूर खारपाणपट्ट्यात येतं. अकोला, अमरावती, बुलडाण्यात पूर्णा नदीच्या खोऱ्यात जमिनीखालचं पाणी खारं आहे. पिण्याचं येतं ते शहानूर धरणाच्या योजनेचं, नळानं. म्हणून शेजारच्या बाईला विचारा (घरमालकाला नव्हे), की मे महिन्यात नळ किती दिवसांआड येतो आणि किती वेळ चालतो. माणशी १०० लिटर धरलं तर तिघांना दिवसाला ३०० लागतं. पाच दिवसांचा खंड पडला तर १,५०० लिटर. म्हणजे नळाच्या पाण्याची टाकी २,००० लिटरची हवी, आणि ती बोअरच्या टाकीपासून पूर्ण वेगळी. दोन्ही एकाच पाइपात जोडून मध्ये नुसता व्हॉल्व्ह बसवलेला असेल तर तो कधी ना कधी गळतो आणि खारं पाणी स्वयंपाकघरात येतं. बोअरचं पाणी संडास आणि फरशीपुरतं ठेवा. गिझरला दिलं तर कॉइलवर क्षारांचा थर चढून ती जळते.

टीडीएस (लिटरभर पाण्यात विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) मोजून घ्या. पिण्याला ५०० पर्यंत चांगलं. दुसरी सोयच नसेल तर २,००० ही शेवटची मर्यादा. घरगुती आरओ फिल्टरलाही बहुतेक तेवढंच झेपतं.

ओळंबा
विकाऊ घर मे महिन्यात पाहा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्याबरोबर पाया हलतो. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली भेग उन्हाळ्यात उघडी दिसते, पावसाळ्यात मिटते. ताजा रंग एकाच भिंतीला दिसला तर शंका घ्या. पाया किती खोल, खाली मुरूम भरला का, प्लिंथ बीम (जोत्यावर फिरवलेली काँक्रीटची तुळई) आहे का, हे बांधणाऱ्या मिस्त्रीलाच विचारा. भिंतीला लागून मोठं झाड असेल तर तिथली माती आणखी सुकते.

कागदांचं थोडक्यात: कर आकारणीचा उतारा म्हणजे मालकी नव्हे. आखीव पत्रिका (सिटी सर्व्हेचा मालकीचा उतारा) किंवा सातबारा, बिनशेतीचा (एनए) आदेश आणि मंजूर लेआउट पाहा. शेतजमीन घ्यायचा विचार असेल तर आधी शेतकरी असल्याचा पुरावा लागेल. भाडेकरार नोंदणी करूनच घ्या. "इथं नोटरी चालते" असं सांगतील, पण कायद्यानं नोंदणी सक्तीची आहे.

वाळ्याची_ताटी
कुलरचं मी सांगतो, कारण सासूबाई सोबत आहेत. कुलर खिडकीत बाहेरून बसवा आणि समोरची खिडकी उघडी ठेवा. हवा बाहेर गेली नाही तर खोली नुसती दमट होते. पाणी नळाचंच घाला. वाफ होते ती पाण्याची, क्षार टाकीतच उरतात, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करा, नाहीतर ताट्यांवर पांढरं कवच चढून हवा अडते.

आणि हे मात्र विसरू नका: दर उन्हाळ्यात कुलरच्या शॉकनं माणसं जातात. पाणी भरण्याआधी प्लग काढायचाच. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) बसवा. अर्थिंगचा खड्डाही पाहा. काळी माती सुकली की सळईपासून सुटते आणि अर्थिंग नावापुरतं राहतं. उन्हाळ्यात त्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओता.

वैशाली_प
खूप आभार. लाइट गेली तर कुलर इन्व्हर्टरवर चालेल? आणि माणसांचं राहिलंच.

वाळ्याची_ताटी
१५० एएचच्या एका बॅटरीवर २०० वॅटचा कुलर आणि दोन पंखे साधारण साडेतीन तास चालतात. त्यात राउटर धरा. बॅटरी पश्चिमेच्या भिंतीला ठेवू नका, उन्हाळ्यात डिस्टिल्ड वॉटर दर महिन्याला पाहा. घरून ऑनलाइन काम करणार असाल तर दुसऱ्या कंपनीचं सिम जवळ असू द्या, आणि ते घरातच तपासा, चौकात नाही.

पूर्णाकाठ
ताई, आल्या आल्या आजूबाजूच्या चार घरी सासूबाईंना घेऊन जाऊन या. त्यांच्या निमित्तानं दारं लवकर उघडतील. महालक्ष्म्यांच्या जेवणाचं बोलावणं आलं तर टाळू नका, आणि गल्लीत मयत झाली तर कुणी बोलवायची वाट पाहू नका. बाजारात एकच भाजीवाली धरा. दुपारी बारा ते चार कुणाच्या घरी जाऊ नका, उन्हाळ्यात तर नाहीच.