भेंडीची शेती : शहापूर-मुरबाडला आधार की नवी जोखीम?

तुर्भेकर : नगदी पिकांमुळे लहान शेतकरी देशोधडीला लागतो, असे सरसकट म्हटले जाते, मला ते पटत नाही. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडात भात निघाल्यावर शेते ओस पडतात आणि कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात. भेंडीची तोडणी मात्र पेरणीनंतर दीडेक महिन्याने सुरू होऊन पुढे कित्येक आठवडे एक दिवसाआड चालते, त्यामुळे गावातच काम मिळते आणि मुलांची शाळा सुटत नाही. १९९० मध्ये रोजगार हमीला फळबाग लागवडीची जोड मिळाली, तेव्हाही कोकणात मजुरी हाती पडली आणि वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीत आंबा-काजूही उभा राहिला.

खर्डीकर : आपण कामाचे दिवस मोजलेत, पट्टी, म्हणजे व्यापाऱ्याकडून येणारी विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, पाहिली नाहीत. आमच्या घरी भेंडी होते. आखाताकडे जाणारा माल कोवळा आणि बोटाएवढाच लागतो. एक तोडणी चुकली की भेंडी जून होते. तिची लव बोचते म्हणून बायका हाताला फडके गुंडाळून तोडतात. उरलेला माल वाशीच्या घाऊक बाजारात जातो. गेल्या उन्हाळ्यात आवक वाढली तेव्हा भाडे आणि हमाली वजा जाता पट्टीवर जे उरले, त्यात या बायकांची मजुरीही भागली नाही. २०१६ मध्ये भाजीपाला नियमनमुक्त झाला, म्हणजे तो बाजार समितीबाहेरही विकण्याची मोकळीक मिळाली, आणि आडत, म्हणजे आडत्याचे कमिशन, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरले, हे चांगलेच झाले. पण भाव पडल्याचा तोटा आजही एकट्या शेतकऱ्याच्या माथी येतो. भात कणगीत ठेवता येतो, भेंडी नाही.

ऐरोलीकर : आणि पाणी? भातसा धरण शहापूर तालुक्यात, त्याचे पाणी मुंबई-ठाण्याच्या नळांना, आणि त्याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर. ज्याची विहीर आहे किंवा शेत कालव्याखाली आहे, त्याचीच भेंडी होणार.

तुर्भेकर : पाण्याचा मुद्दा मला मान्य आहे, तालुक्याचा हक्क आधी, असेच माझेही मत आहे. मात्र तोट्यावर उपाय पीक सोडणे हा नव्हे. दहा-वीस शेतकऱ्यांनी गट करून पेरणीपूर्वीच भाव ठरवावा.

खर्डीकर : तसे आम्ही ठरवले होते. भाव कोसळताच व्यापाऱ्याने प्रतवारीचे कारण सांगून निम्मा माल परत धाडला, आणि आमच्याकडे लेखी कागद नव्हता. प्रतवारी बांधावरच व्हावी आणि व्यापाऱ्याने अनामत ठेवावी, एवढे झाले तर मी आपल्या बाजूने आहे. तूर्त चाळीस गुंठ्यांपैकी वीसच गुंठे भेंडीला देतो. उरलेल्यात वाल टाकतो, कारण तो भातानंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर येतो आणि घरात खायलाही होतो.