डायनिंग प्लॅनची क्रेडिट्स कुठे उडवावीत
'प्लॅन घेतला की जेवणाची चिंता मिटली' असं बरेच जण म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डमध्ये डायनिंग प्लॅन म्हणजे जेवणाचे पैसे आधीच भरायचे आणि बदल्यात क्रेडिट्स, म्हणजे जेवणाची कुपनंच जणू, घ्यायची. ती मिळतात मुक्कामाच्या रात्रींच्या हिशोबाने. 5 रात्री राहिलात तर पार्कात फिरणं 6 दिवस आणि क्रेडिट्स 5 दिवसांचीच. रोजची रोज संपवायची सक्ती नाही, पण चेक-आउटच्या दिवशी मध्यरात्री उरलेली सगळी बाद. मग शेवटच्या संध्याकाळी पोट तुडुंब भरलेलं असताना लोक स्नॅकच्या रांगेत उभे!

खरी मेख अशी की क्रेडिटला किंमत कळत नाही. क्विक-सर्व्हिसच्या, म्हणजे काउंटरवरून घेऊन खायच्या जेवणाच्या, एका क्रेडिटवर साधा बर्गरही येतो आणि त्याच काउंटरवरची सगळ्यात महाग डिशही. तेव्हा एरवी टाळतो तो मेनूतला उजवीकडचा आकडा इथे बघूनच मागवा, आणि महागाचंच मागवा. सिग्नेचर म्हणजे खास, उंची रेस्टॉरंटात मात्र एका जेवणाला दोन टेबल-सर्व्हिस क्रेडिट्स (टेबलावर बसून, वेटरने वाढलेल्या जेवणाची) जातात, मला तो सौदा सहसा पटत नाही. टिप वेगळी द्यावी लागते. टेबलाचं आरक्षणही आपलं आपणच करायचं, ते 60 दिवस आधी खुलं होतं.

आणि हो, एकाच बुकिंगमधल्या 3 वर्षं आणि त्यावरच्या सगळ्यांना प्लॅन घ्यावाच लागतो. दोन घास खाऊन 'बास' म्हणणारे आजी-आजोबा सोबत असतील तर प्लॅनचा नाद सोडा, त्या त्या वेळी पैसे देऊन जेवलेलं बरं.