शेजाऱ्यांची सांडपाण्याची पाइपलाइन आमच्या अंगणातून जाते. दुरुस्ती कोणी करायची?

प्रश्न

सातारा जिल्ह्यात नगरपालिका हद्दीत आमचे घर आहे. मूळ प्लॉटचे दोन भाग होऊन मागचा भाग दुसऱ्या कुटुंबाने घेतला, तेव्हा त्यांच्या नोंदणीकृत खरेदीखतात आमच्या प्लॉटच्या पूर्व बाजूने सांडपाण्याची पाइपलाइन रस्त्यावरील गटारापर्यंत नेण्याचा कायम हक्क लिहून दिला गेला. देखभालीबद्दल मात्र खतात अवाक्षर नाही. आता आमच्या अंगणातील चेंबर वारंवार तुंबते, जुना स्टोनवेअर पाइप सांध्यात फुटला आहे आणि जोत्याला ओल आली आहे. पाइप तुमच्या जागेत आहे, तेव्हा खर्च तुमचाच, असे शेजारी म्हणतात. आमचे सांडपाणी वेगळ्या पाइपमधून जाते. त्याच पट्ट्यातून वीज कंपनीची भूमिगत केबलही गेली आहे. कायदा काय सांगतो?

उत्तर 1 (दिवाणी वकील)

शेजाऱ्यांचा समज चुकीचा आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 हा 1891 पासून तेव्हाच्या मुंबई इलाख्याला लागू आहे आणि त्याच्या कलम 25 नुसार सुविधाधिकार (दुसऱ्याच्या जमिनीचा ठरावीक वापर करण्याचा हक्क) वापरण्यासाठी किंवा टिकवण्यासाठी लागणारे बांधकाम व दुरुस्ती यांचा खर्च हक्क उपभोगणाऱ्यानेच करायचा असतो. कलम 27 खाली तर जवळपास तुमचेच उदाहरण दिले आहे: ‘अ’ला ‘ब’च्या जमिनीतून सांडपाणी नेण्याचा हक्क असला, तरी ती मोरी साफ करण्यास ‘ब’ बांधील नाही. शिवाय पाइपची दुरुस्ती न केल्यामुळे तुमच्या मिळकतीचे नुकसान झाले, तर कलम 26 प्रमाणे भरपाईही त्यांच्याकडेच मागता येते. त्यामुळे जोत्याच्या ओलीचे तारखेसह फोटो आजच काढून ठेवा.

मात्र दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. दुरुस्तीसाठी आत येऊन खणण्याचा हक्क त्यांना कलम 24 देते. तुम्हाला कमीत कमी त्रास होईल अशा बेताने काम करून जमीन पूर्ववत करून देणे ही त्यांची जबाबदारी. तुम्ही फाटक अडवले किंवा त्या पट्ट्यावर पक्के बांधकाम केले, तर आज भक्कम असलेली तुमची बाजू लंगडी पडेल. आधी साध्या भाषेत लेखी पत्र द्या आणि त्याची पोच घ्या. वकिलाची नोटीस नंतरही पाठवता येते.

उत्तर 2 (स्थापत्य अभियंता)

कायद्याचा मुद्दा मान्य, पण पाइप कशामुळे फुटला हे दोघांच्या समक्ष पाहून घेतल्याशिवाय पैशांचा विषय काढू नये. सांध्यात मुळे शिरली असतील, तर झाड कोणाचे हा प्रश्न येईल. वरून तुमची चारचाकी जात असेल आणि पाइपवर मातीचा पुरेसा थर नसेल, तर सगळा दोष शेजाऱ्यांवर टाकणे न्यायाचे होणार नाही. चेंबरच्या तळाशी गाळ साचून राहत असेल, तर बहुधा उतार बिघडलेला असतो आणि अशा वेळी फुटका तुकडा बदलून भागत नाही. चेंबर ते चेंबर संपूर्ण पट्टा पीव्हीसी पाइपने नव्याने टाकून घ्यावा आणि पुढील साफसफाई कोणी, किती दिवसांच्या सूचनेने करायची हे त्याच वेळी लिहून दोघांनी सह्या कराव्यात.

उत्तर 3

केबलची बाब वेगळी आहे. ती वीज कंपनीची असल्याने तिची देखभाल कंपनीनेच करायची. आपल्या कामात शक्य तितके कमी नुकसान करणे आणि जे होईल त्याची पूर्ण भरपाई देणे विद्युत अधिनियम, 2003 च्या कलम 67 प्रमाणे परवानाधारकावर, म्हणजे इथे वीज कंपनीवर, बंधनकारक आहे. त्याबाबतचा वाद राज्य वीज नियामक आयोगापुढे जातो, दिवाणी न्यायालयापुढे नव्हे. पण पाइपसाठी खणताना केबलला धक्का लागला, तर ती जबाबदारी खणणाऱ्याची ठरेल. म्हणून शेजाऱ्यांनी काम सुरू करण्यापूर्वी कंपनीच्या स्थानिक कार्यालयाला लेखी कळवावे, केबलची जागा दाखवून घ्यावी आणि त्या भागात जेसीबी न लावता हातानेच खणावे, अशी अट आपल्या पत्रात जरूर घाला.