वाचनालयाची वेबसाइट स्वतःच करायची आहे, कशात करू?

खजिनदार६२:
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाचा मी खजिनदार. बँकेतून निवृत्त झालोय, त्यामुळे एक्सेल हातातलं, पण एचटीएमएलचा, म्हणजे वेबपानं लिहायच्या भाषेचा, गंध नाही. वेळा, वर्गणी, नव्या पुस्तकांची यादी आणि व्याख्यानमालेचे फोटो, एवढंच टाकायचंय. मागे ओळखीतल्या एका मुलाने वर्डप्रेसमध्ये साइट करून दिली होती. तो नोकरीला पुण्याला गेला, साइटकडे कोणी पाहिलं नाही, आणि एके दिवशी उघडतो तर आमच्या नावाखाली जुगाराच्या जाहिराती! अध्यक्षांचा रात्री साडेनऊला फोन, "हे काय चालवलंय तुम्ही?" आता म्हटलं आपणच शिकावं. यूट्यूबवर विक्स, ड्रीमवीव्हर, फिग्मा असं काय काय सांगतात. डोकं चक्रावलंय.

बिनसाखरेचा चहा:
काका, डोळे मिटून गूगल साइट्स घ्या. जीमेलचं खातं असलं की झालं, पैसे लागत नाहीत. एक्सेल येतं ना? मग यादी गूगल शीट्समध्ये ठेवा आणि ती शीट पानात बसवा. शीटमध्ये ओळ वाढवली की साइटवर दिसते, पानाला हात लावावा लागत नाही. फक्त शीटचं शेअरिंग 'लिंक असलेल्या कोणालाही' असं ठेवा. ते राहिलं तर तुम्हाला यादी दिसेल, वाचकाला दिसणार नाही. आणि तुम्ही लॉगिन असल्यामुळे चूक कळणारही नाही. साइट दिसते साधीच, पण वाचनालयाला काय मोर नाचवायचेत?

टॅगबंद:
फिग्मा डिझायनर लोकांचं, ते सोडा. ड्रीमवीव्हरला दरमहा पैसे मोजावे लागतात, आणि एचटीएमएल येत नसेल तर त्यात तुम्ही हरवाल. मी फ्रंटपेजच्या काळातला माणूस, त्यामुळे सल्ला जुनाट वाटेल: एचटीएमएलच शिका. एका पानाला दहा-बारा टॅग, म्हणजे कंसातल्या खुणा, पुरतात, नोटपॅडमध्ये लिहायचं, गिटहब पेजेसवर फुकट ठेवायचं. जुगारवाल्यांना शिरायला जागाच नाही. फाइल मात्र यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे मराठी अक्षरं नीट राहतात त्या प्रकारात, सेव्ह करा. जुन्या नोटपॅडमध्ये मी ते विसरलो आणि अख्ख्या पानावर प्रश्नचिन्हं उमटली होती.

बिनसाखरेचा चहा:
@टॅगबंद, काकांना जमेल हो. पण पुढच्या निवडणुकीत खजिनदार बदलला तर तो टॅग लिहीत बसणार का? करणारा कोण यापेक्षा दर महिन्याला यादी बदलणारा कोण, ते बघा. त्याला जे झेपेल ते घ्या.

उंबरठा:
वर्डप्रेसला उगाच बदनाम करू नका. घर बांधून कुलूप न लावता गेलात तर दोष विटांचा कसा? प्लगिन (वरून जोडलेल्या सोयी) आणि थीम वेळच्या वेळी अपडेट केल्या नाहीत की असंच होतं. पण स्वतःच्या होस्टिंगवर, म्हणजे साइट ठेवायला भाड्याने घेतलेल्या जागेवर, ते कोणीतरी बघायला हवं आणि तुमच्याकडे तो माणूस नाही, म्हणून तुम्हाला सध्या नकोच. विक्स सोपं आहे, पण तिथली साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही, हे आधी माहीत असू द्या.

आणि कशातही करा, शीर्षकांकडे नीट बघा. तयार टेम्प्लेट इंग्रजीसाठी केलेली असतात. अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असलं की आपली शिरोरेखा तुटते, 'वाचनालय' अक्षर-अक्षर सुटून दिसतं. ते अंतर शून्य करा. ओळींमधलं अंतर कमी असेल तर वेलांट्या वरच्या ओळीला टेकतात. मुक्ता फाँट घ्या, मोफत आहे आणि मोबाइलवर छान वाचता येतो.

खजिनदार६२:
पंधरा दिवसांनी आलोय. गूगल साइट्समध्ये केली! दोन संध्याकाळी गेल्या. वेळ खाल्ला तो यादीनेच. आमची जुनी यादी श्रीलिपीत, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या जुन्या फाँटमध्ये, टाइप केलेली. शीटमध्ये चिकटवली तर कादंबऱ्यांच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि डॉलरची चिन्हं. शेवटी युनिकोडमध्ये बदलून घेतली, तरी जोडाक्षरं हातानेच तपासतोय. शेअरिंग मी विसरलोच होतो, ग्रंथपालबाईंनी घरून मोबाइलवर उघडली तेव्हा कळलं.

आता जुना पत्ता या साइटला जोडायचाय. पण डोमेन, म्हणजे तो पत्ता, त्या मुलाच्या ईमेलवर नोंदलेलं आहे आणि तो फोन उचलत नाही.

उंबरठा:
त्याच्या वडिलांना भेटा, गावातच असतील. डोमेन हाती आलं की वाचनालयाच्या नावाने नवा ईमेल काढून त्यावर घ्या. तुमच्या स्वतःच्या ईमेलवर नको, काका.