इटली १९१५: न लढताही बरंच मिळत होतं

काही जण म्हणतात की इटली पहिल्या महायुद्धात उतरली नसती तर ऑस्ट्रियाच्या ताब्यातले त्रेंतो आणि त्रिएस्ते दोन्ही तिला मिळाले नसते. अर्धंच पटलं. मे १९१५ मध्ये त्रेंतोचा बराचसा भाग द्यायला ऑस्ट्रिया तयार झाला होता, तोही जर्मनीने दबाव आणल्यावर. त्रिएस्ते मात्र सोडायला तयार नव्हता, हे मान्य. इटलीचा माजी पंतप्रधान जोलित्ती तेच सांगत होता: युद्धाशिवाय 'बरंच काही' पदरात पडेल. संसदेत बहुमतही त्याच्या बाजूने होतं. पण २६ एप्रिललाच लंडनमध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि रशियाशी गुप्त करार होऊन गेला होता (युद्धात उतरा, बदल्यात प्रदेश घ्या) आणि खासदारांना त्याचा पत्ताच नव्हता! मग रस्त्यावर गर्दी, राजाचा कौल, आणि २३ मेला ऑस्ट्रियाविरुद्ध युद्धाची घोषणा.

पुढे ऑस्ट्रियाच्या सीमेजवळच्या इसोन्झो नदीवर इटलीच्या अकरा चढाया झाल्या. आघाडी जेमतेम काही मैल सरकली, आणि बाराव्या लढाईत, कापोरेत्तोला, अडीच लाखांहून जास्त इटालियन सैनिक कैद झाले. युद्धात इटलीचे एकूण मेले सुमारे सहा लाख. शेवटी त्रिएस्ते मिळालं, पण करारात कबूल केलेला डाल्मेशियाचा (एड्रियाटिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्याचा) भाग बहुतांशी हातचा गेला. त्या चिडीवरच मुसोलिनी पोसला गेला. (तोही १९१४ पर्यंत समाजवादी, युद्धविरोधी!)

माझ्या मते जोलित्तीचं ऐकायला हवं होतं.